नमुना चाचणीत संपला

देवेश संध्याकाळी कामावरून आला की हातपाय न धुताच स्वयंपाकघरात जायचा. त्याची बायको दर्शना सकाळी त्याच्या वडिलांचं दुपारचं ताट वाढून जायची, ते उरलेल्या जेवणासकट ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं. ते तो वजनकाट्यावर ठेवायचा, ताटाचं वजन मनातल्या मनात वजा करायचा आणि मान हलवायचा.

"आज पण निम्मं परत आलं," तो म्हणाला.

"परत आलं काय म्हणतोस? आपण काय डिलिव्हरी दिलेली?" दर्शना पर्स अडकवत म्हणाली. ती बँकेत होती. दिवसभर काउंटरवर लोकांच्या तक्रारी ऐकून आल्यावर नवऱ्याने घरातही तोच सूर लावावा, हे तिला नको असायचं.

"बघ ना. भात निम्मा, कालवण निम्मं, एक भाकरी तशीच. म्हणजे एखादा पदार्थ नाही आवडला असं पण नाही. सगळ्यालाच प्रॉब्लेम आहे."

बाहेर हॉलमध्ये राघो टीव्हीसमोर बसला होता. देवेश त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"बाबा, जेवलास?"

"जेवलू."

"पोटभर?"

"पोट भरला. तू जा, हातपाय धू."

देवेशचा या उत्तरावर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला तसंच कारण होतं. त्याची आई आवडाबाई दिवाळीनंतर गेली. त्याआधी कित्येक महिने तो तिला रोज विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" आणि ती रोज सांगायची, "बरी हाय." कामावर देवेश कोणाचाही शब्द तपासल्याशिवाय खरा मानत नसे, पण आईचा मानला. शेवटी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून घरात कोणी "बरं आहे" म्हणालं की तो त्या माणसाला पुन्हा एकदा निरखून बघायचा. आईच्या वेळी आपण नुसतं विचारत बसलो, आता बाबा त्याच वाटेने निघालाय, या खेपेला वेळेवर पकडायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. म्हणून त्याने बाबाला विचारायचं सोडलं नाही, पण उत्तर ऐकायचं सोडून दिलं. माणूस बरं आहे म्हणतो, ताट खरं काय ते सांगतं, असं त्याचं मत झालं होतं.

देवेश वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता. तिथे गाड्यांसाठी रबराच्या चकत्या बनत. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला एकूण गुणवत्तेची तत्त्वं शिकवायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते तो मनापासून करायचा. ग्राहक सगळ्यात आधी. तुमच्या पुढच्या टेबलावर काम करणारा हाही तुमचा ग्राहकच. निर्णय घ्यायचा तो मोजमापावर, अंदाजावर नाही. चूक झाली तर माणसाला धरू नका, पद्धत तपासा. आणि जो ग्राहक तक्रार करत नाही त्याला सगळ्यात जास्त घाबरा, कारण तो एक दिवस काही न बोलता निघून जातो. ही तत्त्वं चांगली आहेत, त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. फक्त ती ज्याच्या अंगात भिनतात त्याच्या बायकोने काय करायचं, हे त्यात कुठे सांगितलेलं नसतं.

मध्यंतरी तो राघोला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी राघोला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "गेल्या वर्षीइतकंच वजन आहे. तब्येत उत्तम." देवेशने वाकून काटा सगळ्या बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालंय?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

एका रविवारी त्याने घरात बैठक घेतली. आंबिवलीहून आवडाबाईची धाकटी बहीण रंगूबाई राहायला आली होती, तिलाही बसवलं. राघो खाली चक्कर मारायला गेला होता. देवेश फ्रीजला टेकून उभा राहिला.

"आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रॉब्लेम आला की लागोपाठ पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्याला मूळ कारण हाताला लागतं. बाबा जेवत नाही. का?"

"चव नसंल लागत," रंगूबाई म्हणाली.

"बरोबर. का?"

"कालवण आवडाबायच्यासारखा होत नाय."

दर्शनाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यामुळे."

"दर्शना, माणसाला धरायचं नाही. पद्धत तपासायची."

"पद्धत पण माझीच आहे ना?"

"अगं, तसं नाही. कालवण आईसारखं होत नाही. का?"

"कारण आईंचा मसाला मी जपून जपून घालतेय. बरणी अर्ध्याच्या खाली गेलीये. ती संपली की संपलं."

"का? म्हणजे, नवीन का नाही केला?"

"कारण त्या गेल्या," दर्शना म्हणाली.

देवेशने पाचवा 'का' विचारायला तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं. रंगूबाई उठून उगाच पाण्याचा माठ पुसायला लागली.

पण कारण हाती लागलं होतं, असं देवेशला वाटलं. मसाला. दरवर्षी उन्हाळ्यात आवडाबाई वर्षभराचा मसाला करायची. तीन जातींच्या मिरच्या, धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर आणि आणखी काय काय. सगळं वेगवेगळं भाजून मग डंकाच्या गिरणीत कुटून आणायची. तसा मसाला पुन्हा करता आला तर बाबा जेवेल.

"मावशी, तुला तिचं प्रमाण माहितीये?"

"प्रमान कसला? मूठ होती तिची. मिरची घेवाची, धने टाकाचे. धने जरा जास्त टाकाची, तितंच चुकाची. माजा मसाला तिच्याहून बरा होता, ती कवा मानली नाय."

अशा साक्षीवर देवेशचं समाधान होणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "आपल्याकडे नमुना आहे. नमुना असला की सगळं शोधून काढता येतं."

दुसऱ्या दिवशी त्याने बरणी घेतली आणि घोडबंदर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत गेला. दर्शनाला वाटलं, चमचाभर मसाला देईल आणि बरणी परत आणेल. प्रयोगशाळेतल्या माणसाने सांगितलं, सगळ्या चाचण्या करायच्या तर इतका लागेल, आणि फेरतपासणीसाठी तेवढाच वेगळा ठेवावा लागेल. देवेशने बरणी पिशवीत उपडी केली, तळाला बोटं फिरवून शेवटचा कणही झटकला. काम करायचं तर पुरतं करावं, अर्धवट नमुन्यावर निष्कर्ष काढू नये, हे तो इतरांना शिकवत आलेला. मग त्याने नवीन मसाल्यासाठी तयार असावी म्हणून ती बरणी घरी आणून स्वच्छ धुतली आणि ओट्यावर पालथी घातली. उरलेला मसाला परत मिळेलच, असं त्याने दर्शनाला सांगितलं.

निकाल आला. मसाल्यात ओलावा किती, तेल किती, रंग किती, राख किती, वाळू किती, सगळं त्यात होतं. नागकेशर किती, मिरची कुठली, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. देवेशने फोन लावला.

"बरं, उरलेला मसाला घ्यायला कधी येऊ?"

"उरलेला नसतो सर. चाचणीत नमुना संपतो. थोडा वाळवून बघतात, थोडा जाळून राख मोजतात. फेरतपासणीचा तुम्ही मागितला नाहीत, तो आम्ही नष्ट केला."

देवेशला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच्याच कारखान्यात रबराची चकती किती ताण सोसते ते बघायला ती तुटेपर्यंत ओढत. तुटलेली चकती परत मागायला कोणी येत नसे.

"आईंचा मसाला जाळला?" दर्शनाने विचारलं. तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे देवेशला आणखी वाईट वाटलं.

राघोला कोणी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात आला, तेव्हा पालथी बरणी त्याला दिसली. ती त्याने उचलली, सुलटी केली, झाकण नसलेल्या तोंडाशी नाक नेलं. बरणीला साबणाचा वास येत होता.

"धुतलास?" त्याने विचारलं.

"हो," देवेश म्हणाला.

"बरा केलास." त्याने बरणी परत होती तशी पालथी ठेवली आणि गॅलरीत जाऊन बसला. त्या गॅलरीतून खाडीचा एक तुकडा दिसायचा. एकेकाळी तिकडे मिठागरं होती आणि राघो तिथे मीठ ओढायचा. आवडाबाई तिथेच पाटी उचलायला यायची. मग जमिनीला भाव आला, बाळकुमच्या शेतावर हा टॉवर उभा राहिला आणि त्याला सातव्या मजल्यावर घर मिळालं. देवेश दारात उभा राहून वडिलांच्या पाठीकडे बघत राहिला. माफी कशी मागायची हे त्याला सुचेना, म्हणून त्याने मसाला करायची तारीख ठरवली.

आता खरी गोष्ट म्हणजे, मिरच्या वाळवायच्या त्या उन्हात. पण गच्ची बंद होती. चार उन्हाळ्यांमागे आवडाबाईने गच्चीवर मिरच्या पसरल्या, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी व्हॅलेरियन याने लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली होती, की गच्चीवर मिरची, मासळी, पापड काहीही वाळत घालू नये. तेव्हापासून ती मिरच्या आंबिवलीला रंगूबाईच्या अंगणात नेऊन वाळवायची.

"मग तितंच चल ना," रंगूबाई म्हणाली. "ऊन फुकट हाय."

"उन्हावर आपला कंट्रोल नाही मावशी. आज ढग, उद्या वारा. आईच्या मसाल्यात ओलावा किती होता ते आपल्याला आता माहितीये. तेवढाच आला पाहिजे."

म्हणजे इतका खटाटोप करून जे कळलं होतं ते एवढंच, आणि एवढंच कळलं म्हणून सगळा मसाला त्या ओलाव्याभोवती करायचा असं ठरलं. मिरच्या घरातच कढईत मंद आचेवर सुकवायच्या. बाहेरच्या दमट हवेने गोंधळ होऊ नये म्हणून खिडक्या बंद. कारखान्यातून त्याने ओलावा मोजायचं छोटं यंत्र मागून आणलं. आणि सर्वांचा सहभाग हवा म्हणून कामं वाटून दिली. रंगूबाईने हलवायचं. दर्शनाने गॅस बघायचा. मोजमाप आणि निर्णय देवेशकडे.

"आणि बाबांनी?" दर्शनाने विचारलं.

"बाबा ग्राहक आहे. ग्राहकाला प्रक्रियेत नाही घ्यायचं."

ग्राहक हॉलमध्ये टीव्ही बघत होता.

रविवारी सकाळी सुरुवात झाली. पहिली कढई चांगली उतरली. दुसऱ्या कढईच्या वेळी देवेशने मूठभर मिरच्या यंत्रात घातल्या आणि म्हणाला, "थांब मावशी, हलवू नको. हलवलं की रीडिंग बदलेल."

रंगूबाई थांबली. देवेशने दर्शनाला हाक मारली. "हा आकडा स्थिर होतोय का बघ गं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही." दर्शना यंत्राजवळ आली. आकडा काही स्थिर होईना. तिघं तिथे वाकून उभी राहिली. आकडा एकदा वर जायचा, एकदा खाली.

"कायतरी जलतंय," रंगूबाई म्हणाली.

"हलव मग."

"तूच बोल्लास ना, हलवू नको."

"दर्शना, गॅस."

"तू मला इथे बोलावलंस."

"अगं पण गॅस तुझ्याकडे होता."

"आणि मी कोणाकडे होते?"

एवढ्यात कढईतून धूर उठला. मिरचीचा धूर ज्याने कधी घेतला असेल त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नसेल त्याला सांगून कळणार नाही. तिघांना एकदमच ठसका लागला. दर्शनाने चाचपडत गॅस बंद केला. देवेशने खिडकी उघडायच्या ऐवजी चिमणीचं बटण दाबलं, जोरावर. चिमणीने सगळा धूर ओढला आणि डक्टमध्ये सोडला. त्या डक्टला वरच्या सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं जोडलेली होती.

थोड्याच वेळात आठव्या मजल्यावर खोकला सुरू झाला. मग नवव्यावर. मग कुठेतरी आगीची घंटा वाजायला लागली, आणि घंटा वाजली की लिफ्ट आपोआप थांबते, ही त्या इमारतीत चांगली चालणारी एकमेव व्यवस्था होती. वरचे लोक जिन्याने उतरायला लागले. हातात कोणाच्या कागदपत्रांची पिशवी, कोणाच्या कडेवर मूल, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

घरात श्वास घेता येईना, म्हणून राघोने पुढचं दार उघडलं. जिन्यावरचे लोक धूर कुठून येतोय ते बघत सातव्यावर थांबले. पुढे व्हॅलेरियन होता, त्याच्यामागे त्याची बायको जोसेफिन नाकाला पदरासारखी ओढणी लावून. दोघांचे डोळे लालबुंद. व्हॅलेरियनला खूप काही बोलायचं होतं, पण त्याच्या घशातून आवाज निघत नव्हता.

राघोने दाराबाहेर पाहिलं. इतकी माणसं, सगळ्यांची तोंडं उतरलेली, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि कोणीच काही बोलत नाही. आवडाबाईला गावातल्या जुन्या घरातून नेलं होतं. दिवसकार्यही तिथेच झालं. गावातली सगळी येऊन गेली, पण या टॉवरमधलं कोणी आलं नव्हतं, कारण कोणाला कळलंच नव्हतं. राघोने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता तो दारातून बाजूला झाला.

"या," तो म्हणाला. "बसा."

त्याने खाली चटई अंथरली. कोणाला काय करावं कळेना. पण जिना उतरून पाय दुखत होते, घसा जळत होता आणि म्हातारा पाण्याचा तांब्या भरून आणत होता. पाण्याला नाही म्हणायची कोणाची तयारी नव्हती. एकेक करून लोक आत आले आणि चटईवर बसले.

"दिवालीनंतर गेली ती," राघो पाणी देता देता सांगायला लागला. "तुमी आता आलाव, काय हरकत नाय. आलाव ते बरा झाला."

व्हॅलेरियनला आवाज सापडला होता. "देवेश," तो खोकत म्हणाला, "हे काय चाललंय तुमच्याकडे? डक्टमधून सगळं वर..." मग त्याने राघोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

"आई," देवेश म्हणाला.

"त्या? गच्चीवर मिरच्या घालायच्या त्या?"

"हो."

व्हॅलेरियन चटईवर बसला, राघोच्या समोर. "मीच त्यांना नोटीस दिलेली," तो म्हणाला.

"माहीत हाय. ती तुमाला लय शिव्या घालाची."

"खूप?"

"रोज. मिरच्या घेऊन आंबिवलीला जाताना वाटभर."

"मला वाटायचंच," व्हॅलेरियन म्हणाला आणि त्याला हसू आलं. हसताना पुन्हा ठसका लागला, आणि डोळ्यांतून आणखी पाणी आलं. जोसेफिनने त्याची पाठ चोळली. ती राघोला म्हणाली, "आमची आई पण मे महिन्यात मसाला कुटायची. बाटल्या भरून ठेवायची. आता कोण करत नाय. मघाशी वास आला ना, मी पहिल्यांदा घाबरलेच नाय. मला वाटलं घरात कोण तरी आहे."

मग राघो बोलायला लागला. इतक्या महिन्यांत तो "जेवलू" आणि "बरा हाय" याच्यापलीकडे फारसं बोलला नव्हता. ती मिठागरावर कशी पाटी उचलायची, लग्नात तिने त्याच्या पायावर कशी मुद्दाम टाच दिली, पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरली तेव्हा कशी चपला बाहेर काढून ठेवल्या आणि वर आल्यावर त्याच्यावरच ओरडली, हे सगळं त्याने अनोळखी लोकांना सांगितलं. ते लोक ऐकत होते आणि डोळे पुसत होते. राघोच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवडाबाई गेली तेव्हा तो रडला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते म्हणून रडला नव्हता. आज कोणी बघत नव्हतं, ज्याला त्याला आपले डोळे सांभाळायचे होते. देवेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यालाही खूप रडू येत होतं आणि ते लपवायची गरज नव्हती, म्हणून तो तिथेच उभा राहून रडला.

खालून वॉचमन आला, आग नाही म्हणून सांगून गेला. घंटा बंद झाली. लोक हळूहळू उठले, राघोला नमस्कार करून गेले. जाताना व्हॅलेरियन दारात थांबला. नोटीस काढतो, असं काहीतरी तो पुटपुटला, पण नक्की काय ते देवेशला ऐकू आलं नाही.

मिरच्या सगळ्या कोळसा झाल्या होत्या. त्या फेकून दिल्या. रंगूबाईने ओटा धुतला, दर्शनाने वरणभात लावला, सुके बोंबील तळले. मसाल्याचा विषय कोणी काढला नाही. सगळी टेबलाभोवती जेवायला बसली, आज राघोही टीव्हीसमोरून उठून आला. दर्शनाने राघोचं ताट नेहमीसारखं भरून वाढलं. आवडाबाईने एकदा सांगितलं होतं, त्यांना भरून वाढत जा, म्हणून ती तसंच वाढायची. राघो चवीने जेवला. बाकीच्यांचीही जेवणं झाली. मग राघोने हात थांबवला आणि ताट बाजूला, रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं. अर्धा भात, वरण, दोन बोंबील, सगळं एका बाजूला नीट, न चिवडलेलं.

देवेशने इतके महिने ताटं मोजली होती, पण हे विचारलं नव्हतं. "बाबा," तो म्हणाला, "आज तर साधं वरण आहे. त्यात मसाला पण नाही. मग अर्धं का टाकलंस?"

"टाकला कवा? ठेवलाय."

"कोणाला?"

"तुजी आय जेवाची हाय ना अजून."

राघो हे अगदी सहज म्हणाला. मग आपण काय म्हणालो ते त्याचं त्याला ऐकू आलं. त्याचा हात टेबलावरच राहिला.

रंगूबाईने तोंडाला पदर लावला. "ती त्याच्याच ताटात जेवाची," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून. आमी हसाचो तिला."

दर्शनाला आठवलं, आई असताना संध्याकाळी घासायला दुपारचं एकच ताट पडलेलं असायचं. तिला वाटायचं, आई आपलं ताट स्वतः घासून ठेवतात. देवेशलाही आठवलं. गावातल्या घरात लहान असताना त्याने ते रोज पाहिलं होतं. बाबा उठायचा नाही, ताट फक्त पुढे सरकवायचा, आणि आई बसायची. रोज दिसायचं म्हणून त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मोठा झाल्यावर दुपारचा तो घरी नसायचाच, आणि एरवी बाबा ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचा.

म्हणजे बाबा रोज पोटभर जेवत होता. खरंच जेवत होता. दोघांचं वाढलेलं ताट होतं, त्यातलं त्याचं त्याने खाल्लं आणि तिचं झाकून ठेवलं. डॉक्टरांचा काटा बरोबर होता. चूक कुठे नव्हतीच. आणि दिवाळीपासून रोज संध्याकाळी आईच्या वाटणीचं जेवण आपण मोजलं आणि कचऱ्यात टाकलं, हे देवेशला कळलं. ती नसलेली चूक सुधारायला तिचा मसाला जाळून बसलो, हेही कळलं.

"हात थांबतो माजा," राघो हळूच म्हणाला. "मी काय मुद्दाम करत नाय."

"असू दे बाबा."

"उद्यापासून कमी वाढत जा गो दर्शना."

"नाही," देवेश म्हणाला. "तेवढंच वाढ."

तो उठला, टेबलाला वळसा घालून रिकाम्या खुर्चीवर बसला आणि ते ताट स्वतःकडे ओढलं. त्याचं जेवण झालेलं होतं, पोटात जागा नव्हती. तरी त्याने वरणभात कालवला आणि खायला लागला. दर्शनाने त्याच्या बाजूला पाण्याचा पेला ठेवला.

"सावकाश जेव," राघो म्हणाला. "ती पन अशीच भरभर जेवाची. मी सांगाचो तिला, सावकाश जेव, कोन उठवत नाय."

देवेशने मान हलवली. राघोने बोंबलाचा एक तुकडा उचलून त्याच्या भातावर ठेवला आणि त्याचं होईपर्यंत तिथेच बसून राहिला.